पांढऱ्या मण्याचा दिवस

"मण्यांतलं मला शिकवू नका, सिस्टर!" तेये दवाखान्यात छाती फुगवून म्हणाला.

खरंच होतं ते. ओडुमासे गावच्या क्रोबो जमातीच्या माणसाला मणी शिकवणं म्हणजे बेडकाला पोहणं शिकवणं! बाटल्यांची काच कुटून, भट्टीत भाजून मणी करण्यात त्याच्या घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. पण लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. म्हणून सिस्टरने त्याच्या बायकोच्या, कोर्कोरच्या, हातात एक माळ ठेवली. लाल मणी म्हणजे पाळीचा पहिला दिवस. तिथून रबरी कडं रोज एक मणी पुढे सरकवायचं. पांढऱ्या मण्यांचे दिवस गर्भ राहण्याचे, तपकिरी मण्यांचे नाहीत.

सिस्टर पुढेही सांगत होती. पण "शी! प्लॅस्टिकचे मणी!" म्हणून तेये बाहेर पडला. कोर्कोर शेवटपर्यंत ऐकून आली.

दुसऱ्या दिवशी तेयेची आई मामले आली. घरात कोणी नव्हतं. खिळ्यावरची माळ पाहून म्हातारीला भोवळच आली. सगळे पांढरे मणी एकाच जागी गर्दी करून! "सुनेला असली माळ आणतात होय रे मेल्या?" असं पुटपुटत तिने दोरा सोडला, तपकिरी मण्यांत पांढरे छान पेरून माळ नव्याने ओवली, टांगली आणि गेली.

पाळी आली आणि तेये कडं सरकवू लागला. तिसऱ्याच दिवशी पांढरा!

"आज? डोकं फिरलंय का तुझं?" कोर्कोरने त्याला हाकललं.

पाळी संपली आणि याची धावपळ सुरू झाली. दिवसाआड, दोन दिवसांआड, भर दुपारी, भट्टी तशीच सोडून!

"तेये, आग लागली का कुठे?" शेजारी विचारायचे.

"मणी पांढरा आहे!"

मागे भट्टीत मणी वितळून त्यांचा मक्याच्या पिठाच्या केंकीसारखा गोळा व्हायचा. तपकिरी दिवशी तो बायकोला तळलेली केळी आणून द्यायचा. "खा. उद्या पांढरा आहे."

तिसऱ्या महिन्यात कडं माळ संपवून बसलं, पण पाळी आलीच नाही. सिस्टरने तपासून सांगितलं, दिवस गेलेत!

मामले नाचतच आली. "माझ्या ओवणीचा गुण! किती गबाळी माळ होती ती. मीच सोडून नीट ओवली!"

तेयेने खिळ्यावरची माळ काढून निरखली. "म्हणजे मी चुकीच्या दिवशी पळत होतो?"

"चुकीच्याही आणि बरोबरच्याही," कोर्कोर म्हणाली. "पांढरे सगळे लागोपाठ, दोन पाळ्यांच्या मध्यावर येतात, हे सिस्टरने सांगितलं होतं मला. त्या दिवसांतही आलासच की तू."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"चार वर्षं भट्टीपुढून उठत नव्हतास. कधी नव्हे तो दुपारचा घरी यायला लागलास. ते मी कशाला बंद पाडू?"

तेयेने लाजून मान खाली घातली. म्हातारीला यातलं काही कळलं नव्हतं.

"सिस्टरकडे तसल्या आणखी माळा असतील ना रे?" ती म्हणाली. "सगळ्या घेऊन ये. नीट ओवून देते!"