हंसाईसाहेबांनी कार्बनची सायकल पारखून घाट ओलांडिला त्याचे वर्तमान

श्री. डोंगर जिने उभे केले आणि त्यांवरून जावयास पायवाटाही ठेविल्या, त्या कुलस्वामिनीस नमन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं जें घडले तें येथे लिहिले असे. संवत्सराचे नांव क्रोधी, परंतु वर्ष हसतखेळत गेले.

डोंगराच्या अलीकडे एक राज्य होते, त्याचे नांव लिहावयाचे प्रयोजन नाहीं. तेथे श्रीमंत हंसाईसाहेब गादीवर असून वय पन्नाशीपलीकडे, अंगाने सडसडीत, बांध्याने ठेंगण्या, बोलण्यांत रोखठोक. त्यांची एकुलती कन्या मैनाऊ डोंगरापलीकडच्या राज्यांत दिल्ही होती. मधें एकच डोंगर, परंतु मायलेकींची दोन वर्षें भेट नाहीं. कारण ऐसे कीं गादीवरची बाई परराज्यांत जावयाची तर रीतीप्रमाणे मागे हत्ती, पालख्या आणि दोनशे माणूस. तें सारे लांबच्या सडकेने वळसा घालून जावयाचे, आणि व्याह्यांनी तितक्यांस जेवूं घालावयाचे. मागील खेपेस व्याह्यांची कोठारें झाडून पुसून निघाली. तेव्हांपासून ते पत्रांत "अवश्य यावे" ऐसे लिहीत, परंतु कधीं यावे तें लिहीत नसत. मग मैनाऊस पुत्र जाहला, तो रांगूं लागला, आणि आजीने त्याचे तोंडही पाहिले नाहीं. मग एके दिवशीं हंसाईसाहेबांनी भर दरबारांत सांगितले, "आम्ही पायवाटेने डोंगर ओलांडणार. सायकलीवर. आणि मागे कोणी यावयाचे नाहीं."

कारभारी त्रिंबकपंत हे वृद्ध, सावध, आणि प्रत्येक नव्या वस्तूस आधीं नाहीं म्हणून मग विचार करणारे, ते बोलिले, "आईसाहेब, डोंगराचे मधोमध पायऱ्या आहेत. तेथे सायकल चालत नाहीं, ती आपल्याला उचलावी लागेल." आईसाहेब म्हणाल्या, "म्हणूनच हलकी पाहिजे." यावर सरलष्कर हैबतराव, मिशीस पीळ देत, पुढे जाहले. त्यांनी आपल्या पागेंतून सायकलीचे एक लोखंडी धूड आणविले, त्यास पुढे स्प्रिंग आणि मागेही स्प्रिंग. "यावर बसावे, सरकार. दगडधोंडे लागले तरी पाठीस कळणार नाहीं." आईसाहेबांनी त्यास चहूंकडून पाहिले आणि म्हणाल्या, "हैबतराव, ही खांद्यावर घेऊन बुरुजापर्यंत चढून दाखवा." सरलष्करांनी ती उचलिली, आणि पहिल्या वळणापावेतों मोठ्या रुबाबाने गेले, आणि दुसऱ्या वळणावर दिसेनासे जाहले, आणि मग वरून हांक आली, "पाणी आणा रे कोणी!"

मग दक्षिणेकडील सायकलींचा व्यापारी नागप्पा शेट यास बोलावणे गेले. शेट गोड बोलणारा, आणि महाग वस्तू आधीं दाखविणारा. त्याने तीन सायकली चौकांत मांडिल्या, तिन्ही हार्डटेल, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यास तेवढी स्प्रिंग आणि मागला सांगाडा ताठ; आणि तिन्हींचा सांगाडा कार्बनचा. त्रिंबकपंतांनी कपाळास आठी घातली. "कार्बन म्हणजे कोळसाच कीं हो, शेट. कोळशावर बसून आमच्या आईसाहेबांनी कडा उतरावा?" शेट हंसला. "कोळसा चुलींतला वेगळा, पंत. याचे बारीक धागे काढून, विणून, राळेंत घट्ट बसवितात. बघा उचलून." पंतांनी भीत भीत एका हाताने उचलिली, ती वर आली आणि पंत मागे गेले, इतकी हलकी. सारा चौक हंसला, आणि पंतही हंसले.

तिन्हींमध्यें पहिली मोरपंखी रंगाची, उन्हांत धरिली तर हिरवी आणि सावलींत निळी. तिचे मोल ऐकून खजिनदारास खोकला आला, कारण त्याच साली तळ्याचा बांध बांधिला होता. दुसरी झगझगीत तांबडी, स्वस्त, अंगावर सोनेरी अक्षरें. तिसरी राखाडी, जशी पावसाळी गाय. दरबाराने एकमुखाने मोरपंखी निवडिली, आणि सत्य सांगावयाचे तर आईसाहेबांचे मनही तिच्याचवर गेले होते. त्यांनी तिच्या दांड्यावरून दोन वेळां हात फिरविला, हें पंतांनी पाहिले आणि ते खजिन्याच्या किल्ल्या चाचपूं लागले.

परंतु आईसाहेबांची रीत ऐसी कीं आंबाही हुंगल्यावांचून घेत नसत. त्या म्हणाल्या, "चालवून पाहूं." मग पहांटे किल्ल्यामागच्या माळावर गेल्या, आणि प्रथम मोरपंखीवर बसल्या. ती धांवली वाऱ्यासारखी, परंतु अंगाने लांब; हँडल धरावयास आईसाहेबांस पुढे ओणवावे लागे, आणि थांबतां पाय भुईस पोंचेना, तेव्हां एका कुशीवर कलंडून त्या बाभळीस टेकल्या. शेट धांवत आला. "सवय होईल, सरकार!" आईसाहेब म्हणाल्या, "शेट, पायांतला जोडा मोठा जाहला तर पाय वाढण्याची वाट पाहतां काय तुम्ही? हिच्या लहान मापाची आहे?" शेट म्हणाला, "या रंगांत नाहीं." आईसाहेबांनी तिच्याकडे एकवार पाहिले, आणि उतरल्या.

मग तांबडी घेतली. माप बरोबर, चढाला सुरेख. "कार्बन म्हणजे कार्बन, सरकार, आणि किंमत तर निम्मी," शेट मागून ओरडत होता. परंतु उतार लागला आणि आईसाहेबांनी ब्रेक दाबिले, चारही बोटांनी दाबिले, तरी सायकल आपल्याच तंद्रींत चालली. आणि पुढला चिमटा दगडागणिक ठणठण वाजे, कारण आंत स्प्रिंग नांवालाच. शेवटीं करवंदीच्या जाळींत मुक्काम जाहला. हैबतराव हांका मारीत आले, तों आईसाहेब जाळींतून डोके वर काढून हंसत होत्या, कपाळावर ओरखडा, केसांत पाचोळा. "शेट," त्या बोलिल्या, "सांगाड्यावर सारा पैसा घातला, आणि बाकी घर रिकामे ठेविले. सोन्याची नथ आणि फाटके लुगडे, ऐसी गत." शेटाने कान धरिले.

मग राखाडी. तीवर त्या बसल्या आणि माळास दोन फेऱ्या घातल्या. पुढच्या चिमट्यांत हवा भरावयाची सोय होती, ती त्यांच्या वजनापुरती भरविली. ब्रेक तेलाचे, एका बोटाने उभी राहे. पुढे एकच दातेरी चाक आणि मागे लहानमोठ्या चाकांची उतरंड, त्यांतले सर्वांत मोठे लाविले तर उभा चढही पायांस मानवे. चाकें जरा जड होती, पायडलें साधीं होतीं, सीट टणक होती. आईसाहेबांनी तें सर्व शेटाकडून कबूल करविले आणि म्हणाल्या, "हीं पुढे बदलतां येतील. माप आणि ब्रेक आज पाहिजेत." मग ती खांद्यावर घेऊन बुरुजापर्यंत चढल्या आणि उतरल्या, आणि दम लागला तो बेताचा. पंतांनी मोल विचारिले, शेटाने सांगितले, आणि पंतांनी प्रथमच आधीं हो म्हटले.

मग पंचमीस सूर्योदयीं कूच जाहले. पाठीवर पिशवी, तींत मेथीचे लाडू आणि नातवास झबले, डोक्यास शिरस्त्राण. मागे यावयाची मनाई होती, तरी हैबतराव बारा स्वारांनिशी कांहीं अंतर राखून निघालेच. पायऱ्या आल्या तेव्हां घोडे अडले, आणि आईसाहेबांनी वरून वळून हात केला, "परत जा, हैबतराव! घोड्यांस चारा घाला!" आणि सायकल खांद्यावर टाकून दिसेनाशा जाहल्या.

परंतु वर, शेवटच्या चढणीस, त्यांचे पाय भरून आले. झाड नाहीं, सावली नाहीं, मागे आपले राज्य तळहाताएवढे आणि पुढे नुसते गवत. त्या दगडावर बसल्या आणि त्यांचे मनांत आले, कीं लेक परक्या घरीं रमली असेल, तिला आपली आठवण ती काय असेल, आणि आपण म्हातारपणीं हें काय आरंभिले. मग एक लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग पिशवींतून झबले काढून पाहिले, तें इतके लहान होते कीं त्यांस हसूं आले, आणि त्या उठल्या. खिंड ओलांडिली तों पलीकडला उतार लागला, माती मऊ, वळणावर वळण, आणि आईसाहेब इतक्या मोठ्याने ओरडल्या कीं गुरें चरत होतीं तीं मान वर करून पाहूं लागलीं.

व्याह्यांचे गांवीं परसदाराने शिरल्या. मैनाऊ अंगणांत लेकरास तेल लावीत बसली होती. चिखलाने माखलेली कोणी बाई सायकल भिंतीस टेकीत आहे हें पाहून ती म्हणाली, "कोण गं? कुणाकडं आलीस?" आईसाहेबांनी शिरस्त्राण काढिले. मैनाऊ उठली, तेलाचे हात तसेच, आणि गळ्यांत पडली. "आई! एकटी? आणि लवाजमा?" "लवाजमा उपाशी राहिला गं," आईसाहेब म्हणाल्या, आणि नातवास उचलावयास हात पसरले.

मग लाडू निघाले, झबले निघाले, तें लेकरास तंग जाहले. आणि मैनाऊची नजर सारखी भिंतीकडे. "आई, बसून बघूं?" ती बसली. सीट बोटभरही हलवावी लागली नाहीं. अंगणांत एक फेरी जाहली, मग परसांत, मग म्हणाली, "वेशीपर्यंत जाऊन आलेच, याला धर," आणि फाटकाबाहेर गेली. थोड्या वेळाने वेशीवरचा गलका ऐकून व्याही अर्धी पगडी बांधीत धांवत आले, आणि विहीणबाईंस अंगणांत मांडी घालून नातवाशी बोलतांना पाहून थबकले. "आपण केव्हां आलां? सूनबाई कुठाय?" "डोंगराकडे गेली," आईसाहेब म्हणाल्या. "जेवायला मी एकलीच आहे, काळजी नसावी." व्याही मनसोक्त हंसले.

मैनाऊ दिवस कलतां आली, तोंड लाल, वेणी सुटलेली, आणि दारांतूनच आईस हांका मारीत आली, जशी लहानपणीं येई. आईसाहेबांनी तें ऐकिले आणि सायकल तेथेच ठेवून जाण्याचा विचार मनांत पक्का केला. मग चार दिवस राहून त्या पायीं डोंगर चढून स्वराज्यीं परतल्या, आणि नागप्पा शेटास आज्ञा गेली कीं त्याच मापाची आणिक एक पाठवावी, रंग कोणताही चालेल.

सारांश, राज्ये दोन, डोंगर एक, आणि त्या वर्षापासून वाटेवर गवत उगवावयाचे राहिले. जैसे ऐकिले तैसे उतरविले. अधिकउणे असेल तें वाचणाराने हंसून सोडावे.