सपल शब्दाची मुळं

"सपल म्हणजे लवचिक. त्यात एवढं काय?" बायको जावयासमोर सहज म्हणाली, आणि इंग्रजी-मराठी शब्दकोशापायी हयात घालवलेल्या कोशकारांचं पित्त खवळलं.

"लवचिक हा आजचा अर्थ! मूळ लॅटिन शब्द सप्लेक्स. गुडघे टेकून गयावया करणारा माणूस. शरण आलेला तो नम्र, नम्र तो वाकणारा, आणि मग चामडं, वेत, कंबर, वाकेल ते सगळंच सपल. तुला नाही कळायचं. तू वाढ."

जावयाने ताटात डोकं खुपसलं. बायकोने वाढलं, पण ते जेवण झालं आणि घरात अबोला सुरू झाला.

"बाबा, चुकलं म्हणा ना आईला," मुलीने फोनवरून विनवलं.

"मोडेन पण वाकणार नाही!" आत बायकोला ऐकू जाईल असं म्हणून कोशकारांनी फोन ठेवला.

आठवडा तसाच गेला. आज सकाळी बायकोने बॅग भरली. "भावाकडे जाते. परत कधी येईन, माहीत नाही," असं तिने भिंतीला सांगितलं. तिच्याशिवाय कोशकारांना घरात साखरेचा डबा सापडत नसे, आणि खरं सांगायचं तर करमतही नसे. तरी जीभ काही उचलेना. शेवटी त्यांनी काम पुढे ओढलं, तर वाचायचं भिंग जागेवर नव्हतं.

ते कपाटाखाली अगदी आत चमकत होतं. कोशकार गुडघ्यांवर बसले, वाकले, हात लांबवला, आणि कमरेत सणकन कळ गेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. नेमकी तेव्हाच बॅग घेऊन बायको दारात उभी राहिली. नवरा गुडघ्यांवर, हात पसरलेला, डोळ्यांत पाणी.

"अगंबाई! अहो, उठा बघू." बॅग टाकून ती धावली. "एवढं नका करू. झालं गेलं."

"कंबर" हा शब्द कोशकारांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

तिने त्यांना धरून धरून पलंगावर आणलं, पालथं निजवलं आणि मलम चोळायला घेतलं. तिचा हात फिरू लागला तसं कोशकारांना फुकटची माफी पचेना.

"ऐक," ते उशीत पुटपुटले. "मी माफी मागत नव्हतो. भिंग काढत होतो. कंबर धरली." मग त्यांनी उशीवरून मान तिच्याकडे वळवली. "पण चुकलं माझं. जावयासमोर तसं बोलायला नको होतं."

बायकोने मलमाचं झाकण लावलं.

"ठाऊक आहे. भिंग मीच पायाने आत सरकवलं होतं." तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. "वाकलात ना? मग, मोडलं का काही?"