दारातल्या गप्पा आणि पाचची बोट

कुंदानं तिसऱ्यांदा पडदे बदलायला काढले तेव्हा मधू स्टुलावर उभा होता आणि त्याच्या तोंडात पडद्याचे हूक होते. त्यामुळे त्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं नुसत्या भुवयांनी म्हटलं.

"निळेच बरे होते," कुंदा खालून म्हणाली.

मधूनं हूक हातात घेतले. "अगं, ताई घर बघायला येतेय की पडदे? आणि थांबणार किती? चहा प्यायचा आणि निघायचं. पाचला बोट सुटते त्यांची."

"बोट बोट काय लावलंय सकाळपासून! चौदा वर्षं झाली मला रास अल खैमाला येऊन. माझ्या माहेरचं एक माणूस या घरात आलं नाही. दुबईला उतरतात, सोनं घेतात आणि एअरपोर्टवरून फोन करतात, 'कुंदे, वेळच मिळाला नाही गं!' आता ताई येतेय, तर ती माझ्या घरात येणार, माझ्या हातचं खाणार आणि निवांत बसणार."

ते खरंच होतं. मधू सिमेंटच्या कारखान्यात होता आणि सासुरवाडीत त्याची ओळख 'आखातातले जावई' अशी होती. थोरले जावई अच्युतराव ह्यूस्टनचे. सुट्टी मिळाली की कुंदाच्या माहेरची झाडून सगळी मंडळी थोरल्या मनोरमाकडे अमेरिकेला जायची. मधूकडे यायचे ते फक्त फोन, आणि तेही येताना खजूर आणायचे म्हणून.

अच्युतराव रिटायर झाल्यावर त्यांना बोटीचं वेड लागलं. दर हिवाळ्यात कॅरिबियन. तिथल्या बेटांची नावं ते अशी घ्यायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस तिथला सरपंच आहे. यंदा मात्र त्यांनी निराळी बोट धरली होती. ती दुबईला दिवसभर थांबून पुढे मस्कत आणि मग मुंबई करणार होती. त्यांची ईमेल आली ती थेट सिद्धांत मांडतच.

'प्रिय मधुकर, जहाजवाल्यांची टूर घेणारा माणूस मूर्ख. पन्नास म्हाताऱ्यांबरोबर बसमध्ये कोंबतात आणि उंट दाखवतात. आम्ही बार्बाडोसला, जमैकाला, सगळीकडे स्वतःचा खासगी माणूस ठरवतो. दुबईत तो माणूस तू. फक्त एक लक्षात ठेव. जहाजाची स्वतःची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. खासगी फिरणाऱ्यांसाठी ते एक मिनिट थांबत नाही. सेंट लुसियाला एक जोडपं धक्क्यावर ओल्या कपड्यांत उभं राहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा वेळेची जबाबदारी तुझी.'

झालं! त्या दिवसापासून मधूची झोप उडाली. बोट चुकली तर काय होईल हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, जेवणं झाली की कोणीतरी म्हणणार, "ते मधूनं अच्युतरावांची बोट चुकवली ते सांगा ना!" आणि अच्युतराव सांगणार.

शुक्रवार होता, म्हणून सुट्टी होती. मधूनं सकाळी त्या दोघांना दुबईच्या बंदरावरून उचललं. अच्युतरावांच्या डोक्यावर बेटावरची गवती हॅट होती. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपलं घड्याळ मधूच्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

"हे बघ मधुकर, आयलंडवर आमचा नियम असा, की निघायची वेळ ठरली की ठरली. काय मनू?"

मनोरमा मागे बसली होती. "हो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिनं मांडीवर एक भलीमोठी पर्स धरली होती.

रास अल खैमाला पोचेपर्यंत सगळं अगदी वेळेवर चाललं होतं. पण तिथे कुंदा दारात उभी होती. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या सुटायलाच तयार नाहीत. मग पोहे आले, साटोऱ्या आल्या, वरच्या मजल्यावरच्या शेजारणी 'सहज' म्हणून आल्या. मनोरमानं सगळं घर बघितलं. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून बघितले. निळे पडदे तिला फार आवडले आणि कुंदानं मधूकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली.

"ताई, निघायला हवं," तो शेवटी म्हणाला.

"हो, हो, निघूया." मनोरमा लगेच उठली. कुंदानं तिची ओटी भरली. वाटेतल्या एका भेटीसाठी आणि बंदरावर पोचवायला म्हणून कुंदा आणि लेक इशिताही निघाल्या. मधूला हायसं वाटलं. इथेच तो फसला.

कारण घरात बसून जे बोलणं होतं, ते बोलणंच नव्हे. खरं बोलणं चपला पायात घातल्यावर सुरू होतं. 'येते हं' म्हणायचं, दाराची कडी काढायची आणि मग चौकटीला टेकून मुख्य विषयाला हात घालायचा, हे मधूनं आपल्या आईपासून बघितलेलं होतं. शेजारणी दारात उभ्या राहिल्या. एकीला अमेरिकेतल्या भाच्याचं स्थळ विचारायचं होतं. दुसरीला गुडघ्याचं औषध.

मधूनं लिफ्ट अडवून धरली. लिफ्ट किंचाळायला लागली.

"ताई!"

"आलेच हं."

"मधुकर, आयलंडवर असं चालत नाही हं," लिफ्टमध्ये आधीच जाऊन उभे राहिलेले अच्युतराव म्हणाले.

"बाबा, रिलॅक्स," इशिता म्हणाली. "यू आर स्वेटिंग."

शेवटी गाडी सुटली. वाटेतली भेट म्हणजे उम्म अल कुवैनचा कमरुद्दीन. रत्नागिरीकडचा. पूर्वी मधूच्याच कारखान्यात होता, आता त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्याची बायको कुलसुम ही कुंदाची जिवाभावाची मैत्रीण. इथे थांबायचं मधूच्या मनात अजिबात नव्हतं. पण मनोरमाच म्हणाली, "कुंदाच्या प्रत्येक पत्रात कुलसुम असते. दारावरून जायचं आणि भेटायचं नाही? बरं दिसतं का ते? पाच मिनिटं."

पाच मिनिटं! मधूनं कमरुद्दीनच्या घराशेजारी मशिदीच्या भिंतीला गाडी लावली. आणि शुक्रवारी दुपारी मशिदीशेजारी गाडी लावायची नसते हे चौदा वर्षांत शिकलेला हा माणूस त्या दिवशी घाईत नेमकं तेवढंच विसरला.

आत बिर्याणी तयार होती. "मधूभाय, जेवल्याशिवाय कसं सोडू? इतक्या लांबचे पाहुणे!" कमरुद्दीन नमाजाला जाता जाता म्हणाला. कुलसुमनं वाढायला सुरुवातसुद्धा केली. 'अगदी थोडी' म्हणत अच्युतरावांनी तीनदा घेतली. मनोरमानं मसाला विचारून घेतला. मधूनं उभ्याउभ्या चार घास गिळले आणि गाडी काढायला म्हणून तो बाहेर आला.

गाडी दिसेना. म्हणजे गाडी होती, पण तिच्या मागे, बाजूला आणि त्याच्याही मागे अशा गाड्या लागल्या होत्या, की गल्लीचं गॅरेज झालं होतं. नमाज चालू असताना हॉर्न वाजवायची सोय नाही. मधू उन्हात उभा राहिला. नमाज सुटली, माणसं आली, एकेक गाडी गेली. शेवटी मधूच्या गाडीला अगदी चिकटून एकच पांढरी लँड क्रूझर उरली. तिचा मालक मशिदीच्या दारात उभा राहून मित्राशी गप्पा मारत होता. दारात उभं राहून बोलायची खोड आपल्याच बायकांना असते, हा मधूचा समज तिथे गळून पडला.

"हबीबी, प्लीज! शिप! शिप गोइंग!" मधूनं हातानं बोट करून दाखवली.

"सबर, हबीबी, सबर," तो गृहस्थ प्रेमानं म्हणाला. मधूच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं मित्राशी बोलणं पुरं केलं.

इकडे दारात मनोरमा आणि कुलसुमचं 'येते हं' सुरू झालेलंच होतं. अच्युतराव गाडीत बसून घड्याळावर टकटक करत होते. "मधुकर, मी लिहिलं होतं तुला. स्पष्ट लिहिलं होतं."

"अहो, मी काय करू? त्यांना सांगा ना!"

"बायकांना कोण सांगणार? गाइड तू आहेस!"

मधूनं अखेर मनोरमाला हात जोडले. "ताई, पाया पडतो तुमच्या, गाडीत बसा. बोट गेली तर मला तुमच्या माहेरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मनोरमानं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "इतकं मनाला लावून घेऊ नका हो, मधुकरराव," ती म्हणाली आणि बसली.

शारजात ट्रॅफिक तुंबलेलं होतं. सगळ्या अमिरातीला त्याच वेळी बाहेर पडायची हुक्की आली होती. मधूनं आयुष्यात वाजवले नव्हते तेवढे हॉर्न वाजवले. अच्युतराव दर सिग्नलला सेंट लुसियाच्या त्या ओल्या जोडप्याचं वर्णन करत होते. आणि मागे दोघी बहिणी शांतपणे लहानपणच्या कोणा बाईंचं काय झालं ते बोलत होत्या.

पण पोचले! बंदराच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा बोट जागेवर होती. शिडी लागलेली होती. मधूला रडू फुटायचंच बाकी होतं.

"यल्ला, मनू, यल्ला!" अच्युतराव हॅट सावरत पळत सुटले. "मी पुढे जाऊन सांगतो त्यांना. तू ये मागून!" आणि ते फाटकातून आत, इमारतीत आणि दिसेनासे झाले.

मनोरमा उतरली. पर्स खांद्याला लावली. कुंदा उतरली. दोघी फाटकाशी गेल्या. मनोरमा म्हणाली, "येते हं."

मधूनं डोळे मिटले.

"ताई," कुंदाचा आवाज आला, "एक विचारू? तू मला कधी ह्यूस्टनला बोलावलं का नाहीस गं?"

"बोलावणार कधी? आधी सुट्टीभर माहेरची गर्दी, आणि आता हिवाळा आला की आम्ही बोटीवर. घरात मी तरी कुठे असते?"

"मला वाटायचं, ताईला आमची लाज वाटते."

"वेडी आहेस का!" मनोरमानं तिचा हात धरला. "जमैका मी दोनदा बघितलं, कुंदे. बार्बाडोस तीनदा. प्रत्येक ठिकाणी हे घड्याळ धरून उभे. आणि बहिणीचं घर आज पहिल्यांदा बघितलं, तेही घड्याळावरच."

आता दोघी रडायला लागल्या. मधू मध्ये पडला. "ताई, हे सगळं फोनवर बोला! बिल मी भरतो!" पहारेकरी ओरडला. आतून एक गोरा पोरगेला अधिकारी धावत आला. त्यानं 'मॅडम, मॅडम' केलं. मनोरमानं त्याला हातानंच 'आलेच' सांगितलं. तो गेला, परत आला, खांदे उडवून पुन्हा गेला.

मग भोंगा झाला. शिडी उचलली गेली. मधू फाटकाच्या जाळीला धरून बघत राहिला.

वरच्या मजल्यावर कठड्याशी गवती हॅट दिसली. वेळेवर पोचल्याच्या आनंदात अच्युतराव दोन्ही हात हलवत होते. मधूनं नाइलाजानं हात हलवला. कुंदानं हलवला. इशितानं हलवला. कुंदाच्या शेजारी मनोरमानंही पदर सावरत हात हलवला.

अच्युतरावांचे हात हवेतच थांबले. मग ते काहीतरी ओरडायला लागले. बोट धक्क्यापासून सुटली होती आणि शब्द ऐकू येत नव्हते.

"काय म्हणतायत गं?" कुंदानं विचारलं.

"गोळ्या घे म्हणत असतील," मनोरमा म्हणाली.

मधू जाळीला टेकूनच खाली बसला. दिवसभर ऊर फुटेस्तोवर धावून त्यानं जे टाळायचं ते टाळलं होतं आणि त्याहून भयंकर काहीतरी करून ठेवलं होतं. बोट चुकवणं परवडलं. त्यानं थोरल्या जावयाची बायकोच ठेवून घेतली होती!

"ताई," तो म्हणाला, "घाबरू नका. बोट परवा मस्कतला लागते. मी रजा टाकतो, तुम्हाला गाडीनं नेऊन सोडतो. पण पासपोर्ट? तो बोटीवरच असेल..."

"पासपोर्ट आहे की." मनोरमानं पर्स थोपटली.

"बरं झालं! आणि त्या... तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या?"

"त्याही आहेत."

"किती आहेत? परवापर्यंत पुरतील?"

मनोरमानं गाडीचं दार उघडलं आणि कुंदाला आधी आत बसवलं.

"महिन्याच्या आणल्यात," ती म्हणाली. "माहेरी मी कळवीन, तुमच्यावर काही येणार नाही. आणि मस्कतला कशाला नेताय, मधुकरराव? मुंबईपर्यंत त्यांना जेवण आयतं आहे."