सादिकचं जेवण होईपर्यंत

भालेराव काकांनी आयुष्यात एकदाही व्हिडिओ गेम खेळलेला नाही, आणि हैदराबादच्या अख्ख्या काचीगुड्यात व्हिडिओ गेमवरून त्यांच्याइतकं चिडणारा दुसरा माणूस सापडणार नाही. वय सत्तरीच्या पुढं, सरकारी कचेरीतून रिटायर, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. मी ऑफिसला निघाले की जिन्याच्या तळाशी उभे. गुड मॉर्निंग नाही, काही नाही.

"ताई, कालचा बघितलात? डायरेक्शन चुकायलंय पोट्ट्यांचं!"

मी पुण्याची. कामाच्या घाईत जिन्यात अडवणाऱ्याला कसं वाटेला लावायचं याचं बाळकडू आम्हाला घरीच मिळतं. पण काकांपुढं ते चालत नाही, कारण ते उत्तरासाठी थांबतच नाहीत.

हे पोट्टे म्हणजे याच शहरातली चार मुलं. एका खोलीत जुन्या सोफ्यावर बसून ती गेम खेळायची, एकमेकांना शिव्या घालायची आणि हे सगळं लोकांना दाखवायची. ज्यांना आवडेल त्यांनी दरमहा पैसे पाठवायचे, त्यावर त्यांचा संसार. ग्रुपचं नाव मी सांगत नाही. "डायरेक्शन सुधारेपर्यंत त्यांची जाहिरात करायची नाही," अशी काकांची मला सक्त ताकीद आहे.

काकांना ही मुलं सापडली ती क्रिकेटमुळं. मॅचचे तुकडे बघता बघता डोळा लागला, जाग आली तेव्हा टीव्हीवर आपलं आपणच हे चौघं चालू होते. तेव्हापासून काका त्यांचे. लगेच पैसेही सुरू केले. फक्त त्याला ते वर्गणी म्हणतात. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे ते वर्षानुवर्षं कार्यवाह होते, त्यामुळं वर्गणी दिली की कारभारात बोलायचा हक्क आला, हे त्यांच्या रक्तातच आहे. पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलांना विचारलं, वार्षिक सभा कधी? मुलांनी उत्तरादाखल लाल बदाम पाठवला.

"सभेची तारीख विचारलं तर हृदय पाठवायलेत!" काका माझ्यावर डाफरले, जणू ते मीच पाठवलं होतं.

पण तेव्हा निदान राग प्रेमाचा होता. खरं बिनसलं ते मुलांना बरे दिवस आल्यावर. सोफा गेला, स्टुडिओ आला. निळे-जांभळे दिवे आले. कुणीतरी क्रिएटिव्ह हेड आला. आधी दर रविवारी दुपारी तीन-तीन तास थेट प्रक्षेपण असायचं, ते बंद होऊन दहा मिनिटांचे कापलेले, छाटलेले, धडाधड म्युझिक लावलेले व्हिडिओ यायला लागले. झालं! काका टाइप करायला बसले. एका बोटानं 'म' शोधता शोधता राग थंड व्हायचा, म्हणून मग ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला सुटका नव्हती, मी वरच राहते.

"लिहा. महोदय."

"काका, महोदय काय! पोरं आहेत ती."

"पोट्टे असले म्हणून काय झालं? पदाधिकारी आहेत ना! लिहा. निळ्या उजेडात तुम्ही सगळे आजारी दिसायलाव. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा हसायलाय. आधी एका पुलावरून उडी मारताना तुम्ही अख्खी दुपार पडत होता. आता रोज जिंकायलाव. जिंकणाऱ्याकडं काय बघायचं?"

हे सगळं मी रोमन लिपीतल्या हिंदीत उतरवायची. खरं सांगते, टीका बिनतोड होती. पण प्रत्येक वेळी शेवटचा मुद्दा एकच, आणि तो लिहिताना मला हसू आवरायचं नाही. "जेवण कापू नका." जुन्या रविवारी मुलं मधेच खेळ थांबवून बिर्याणी मागवायची आणि तिथंच पेपर पसरून, गप्पा मारत जेवायची. नव्या माणसानं ते पहिल्या झटक्यात काढून टाकलं. काढणारच! दुसऱ्यांची पोरं जेवताना कोण बघतं? मला वाटलं म्हाताऱ्याचा चक्रमपणा. मी ते वाक्य पुढं डोळे मिचकावणारं चित्र टाकून पाठवायची.

एकदा चौघांतल्या बंटी नावाच्या मुलानं उत्तर दिलं, "अंकल, लाइट लो." म्हणजे मनावर घेऊ नका. हैदराबादेत जन्म गेलेल्या माणसाला ते मी समजावायची गरज नव्हती. पण काका दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच दार वाजवलं, तर म्हणाले, "लाइट कायकू लेना, ताई? मी मनावर घेऊन बोलायलोय."

वाईट वाटलं. म्हटलं, रविवारी आमच्याकडं जेवायला या. तर हात झटकून म्हणतात कसे, "नक्को! तुमच्याकडं कोण कधी जेवतंय ते देवाला ठाऊक. एकजण उभ्यानं, एकजण फोनवर, आणि तुम्ही तर डबा संपवल्यासारखं." आगाऊपणा बघा! पण ऑफिसात लॅपटॉपसमोर पाच मिनिटांत जेवायची सवय मला लागली होती, हे खरंच.

त्याच रविवारी घरात शिरा झाला होता. दुपारी वाटी घेऊन खाली गेले. दार नुसतं लोटलेलं. काका टीव्हीसमोर पाटावर बसलेले, पुढ्यात ताट. खिचडी आणि चिंचेचा खट्टा कधीच संपलेला. ताट लख्ख, उजवा हात खरकटा आणि पार वाळून गेलेला. टीव्हीवर तो जुना सोफा. तिघांचं जेवण झालेलं, आणि चौथा, एक किडकिडीत मुलगा, एकेक शीत निवडल्यासारखा जेवत होता.

"काका, शिरा आणलाय. हात धुऊन या."

"थांबा. सादिक जेवायलाय अजून."

मी हसले. ते हसले नाहीत.

"पंगतीतून मधेच उठायचं नसतं, ताई. सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं." मग नजर टीव्हीवरच ठेवून म्हणाले, "आमची ही अशीच जेवायची. हल्लू हल्लू. लग्न झाल्यापासून मी रोज हात वाळवत बसलो. काय वैतागायचो मी! बोलायचो, अगं गिळ की. ती घास खाली ठेवायची आणि शेजारणीची गोष्ट पहिल्यापासून सुरू करायची."

तेवढ्यात बंटीनं कॅमेऱ्याकडं हात नेला आणि पडदा काळा झाला. सादिकच्या हातात घास तसाच होता. काका उठले नाहीत. त्या काळ्या टीव्हीसमोर ते बसूनच राहिले, आणि मी शिऱ्याची वाटी धरून उभी. बऱ्याच वेळानं ते उठले, हात धुतले आणि पुसत पुसत म्हणाले, "हे शिळं आहे, ताई, जुन्या रविवारचं. आधी मी जेवायचो तेव्हाच ते जेवायचे. नव्यात तर सादिकला घेतलंच नाही. हल्लू माणूस त्यांच्या डायरेक्शनमध्ये बसत नाही म्हणे."

मी वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. या माणसाची सगळी टीका, दिवे, म्युझिक, उड्या, या एका जेवणासाठी होती, आणि मी त्यापुढं डोळे मिचकावणारी चित्रं लावत होते.

त्या दिवशी मी स्वतःहून लिहिलं. महोदयसकट. एकच मागणी: महिन्यातून एक रविवार तरी आधीसारखे बसा, सादिकला बोलवा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत कॅमेरा बंद करू नका. आमचे एक काका तुमच्याबरोबर जेवतात. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "जास्त तर होत नाही ना?" पुढचा आठवडाभर रोज जिन्यात एकच प्रश्न. "आलं का?"

शनिवारी आलं. उत्तर चांगलं होतं, उद्धट अजिबात नव्हतं. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, पण आता आम्ही मोठं होतोय, लांब बैठका कायमच्या बंद, सादिकभाई दुसऱ्या कामाला लागलेत. शेवटी लाल बदाम. काकांनी मान हलवली. "हौ. पोट्ट्यांनापण पोट आहे," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. डायरेक्शनचा 'ड'ही काढला नाही. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

रविवारी दुपारी मी माझं ताट वाढून घेतलं आणि खाली गेले. टीव्ही बंद. काका आपलं ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी दुसरा पाट ओढला.

"हे काय, ताई?"

"आमच्याकडं कोण कधी जेवतंय ते देवाला ठाऊक. म्हणून इकडं आले."

त्यांनी ताट माझ्याकडं वळवलं. जेवायला लागलो. सवयीनं माझे घास भराभर जात होते, अर्धं ताट रिकामं झालं तेव्हा भानावर आले. मग घास खाली ठेवला आणि समोरच्या घरातल्या बाईची गोष्ट काढली. तिची कामवाली, तिची जाऊ, जावेचा फ्रिज. मध्येच एखादं शीत तोंडात. काका ऐकत होते. अधूनमधून "मग?" म्हणत होते. त्यांचं ताट कधीच संपलं होतं.

"काय बाई आहात!" शेवटी ते करवादले. "आटपा की जरा. हात वाळला माझा!"

मी पातेलं पुढं ओढलं आणि अजून थोडा भात वाढून घेतला.