क्लॅरीची खुर्ची आणि टाकीतला महापौर

मर्विन ट्रेझाइज हा दक्षिण ऑस्ट्रेलियातला सर्वांत तल्लख गुप्तहेर आहे, असं मर्विन ट्रेझाइजचं ठाम मत होतं. "लोकांना जे दिसतं ते लोक पाहतात," तो म्हणायचा, "मी जे दिसत नाही ते पाहतो." हे अगदी खरं होतं. जे दिसत होतं ते त्याला कधीच दिसलं नव्हतं. त्यात वॉलरू गावच्या चौकातला दिव्याचा खांबही आला, म्हणून त्याचं लायसन्स जप्त झालं आणि त्याला गाडीतून इकडेतिकडे न्यायचं काम धाकट्या बहिणीच्या, ग्लेनिसच्या गळ्यात पडलं.

उभी हयात मर्वने बंदरावरच्या गोदामात गव्हाच्या ट्रकांचं वजन करण्यात घालवली होती. "काट्यावर उभं राहून मी ट्रक नाही तोललेत, ग्लेनिस, मी माणसं तोललीत," तो सांगायचा. ग्लेनिसने त्याच काळात गावातल्या बायकांचे केस कापले होते आणि कोणालाच तोललं नव्हतं. त्यामुळे गुप्तहेरीत तिचा दर्जा सहायकाचा होता. गाडी चालवणं, दार वाजवणं आणि मर्वच्या वतीने माफी मागणं ही कामं तिच्याकडे असत.

त्या शनिवारी सकाळी बोलावणं आलं ते क्लॅरी पोल्किंगहॉर्नकडून. क्लॅरीने ऐंशी कधीच ओलांडली होती. गावातल्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा तो तहहयात अध्यक्ष होता आणि आपल्या मुलीबरोबर, रेलीनबरोबर, किनाऱ्यालगतच्या बसक्या दगडी घरात राहत होता.

"माझ्या घरात कोणीतरी शिरतंय," दार उघडताच क्लॅरी म्हणाला. "आणि सामान हलवतंय."

"काय चोरीला गेलं?" मर्वने विचारलं. दोघे गोदामात वीस वर्षं एकत्र होते, पण तपास चालू असला की मर्व सगळ्यांना अहो-जाहो करायचा. "घाबरू नका. मला सगळं सांगा. मला आधीच सगळं माहीत आहे, तरी सांगा."

"काहीच चोरीला गेलं नाही. तीच तर भानगड आहे. मी सकाळी क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ खेळायला जातो, परत येतो, तर खुर्ची! चाळीस वर्षं खिडकीपाशी असलेली माझी आरामखुर्ची दारापाशी! काल टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर. परवा जेवणाच्या टेबलाची माझी बाजू भिंतीला चिकटलेली. आज माझा चहाचा मगसुद्धा दुसऱ्याच खुंटीवर. मी माझ्याच घरात आंधळ्यासारखा चाचपडतोय रे!"

"रेलीनला विचारलंत?" ग्लेनिस म्हणाली.

"तिला काय विचारायचं? ती तर सकाळभर घरातच असते. कोणी आलं असतं तर तिला दिसलं नसतं का?"

मर्वने बहिणीकडे असं पाहिलं, जणू असले बाळबोध प्रश्न विचारून ती घराण्याची अब्रू घालवते आहे. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता. रेलीन मांस-बटाट्याचं सारण भरून करंजीसारख्या पॅस्टी करत होती आणि वास दिवाणखान्यापर्यंत पोचला होता.

पॅस्टी कोणासाठी, हे ग्लेनिसला ठाऊक होतं. आज इवो येणार होता, कायमचा राहायला. इवो म्हणजे पोर्ट लिंकनचा क्रोएशियन गडी, ट्यूनाच्या बोटीवर आचारी. पन्नाशीच्या रेलीनच्या आयुष्यात आलेला हा तिसरा. पहिला नेव्हिल या घरात एक आठवडा टिकला, दुसरा ट्रेव्हर त्याहून कमी. क्लॅरी कोणालाही वाईट शब्द बोलला नव्हता. ट्रेव्हर चुकून त्या आरामखुर्चीत बसला की हा नुसता समोर उभा राहायचा आणि तो उठेपर्यंत त्याच्याकडे बघायचा. ट्रेव्हर गेला त्या दिवशी रेलीन ग्लेनिसच्या दुकानात आली होती आणि केस न कापताच रडून परत गेली होती. ग्लेनिसला ती आठवण अजून टोचत होती. हाही पळाला तर रेलीन चौथा आणणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

मर्व तेवढ्यात भिंतीलगतच्या काचेच्या टाकीसमोर थबकला. टाकी चांगली लांबरुंद होती. आत दगडांचा पसारा पडला होता, वाळू ढवळलेली होती आणि एक मोठा निळा मासा त्या पसाऱ्यातून सैरभैर फिरत होता.

"इथेही!" मर्व ओरडला. "चोर इथेही येऊन गेलाय! दगडाखाली काय दडवलं होतंत, पोल्किंगहॉर्न?"

"काही नाही. ते मी हलवलेत."

"आणि पाण्यावर तरंगणारी ही प्लॅस्टिकची पिशवी? पुरावा पाण्यात लपवलाय! ग्लेनिस, पेन्सिल दे, फोडतो."

ग्लेनिसने त्याच्या हातावर चापट मारली. पिशवीत दोन छोटे पिवळे मासे गोंधळून एकमेकांना धडकत होते.

"नवे आणलेत, शेजारच्या काडीना गावातल्या दुकानातून," क्लॅरी म्हणाला, आणि माशांचा विषय निघताच त्याचा सगळा वैताग पळाला. "एकदम सोडायचे नसतात. आधी पिशवी तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ द्यायचं. पण खरी गोम दगडांत आहे. हा निळा दिसतोय ना? याचं नाव महापौर. याला वाटतं सगळी टाकी आपल्या बापाची. तो उजवीकडचा दगड त्याचा, ती कपार त्याची. नवा कोणी तिकडे फिरकला की हा त्याच्या शेपटीचे लचके तोडतो. म्हणून नवे सोडायच्या आधी सगळे दगड इकडचे तिकडे करायचे. मग यालाच कळत नाही आपलं घर कुठलं. जुना आणि नवा सारखेच परके! भांडायला जागाच उरत नाही."

"फारच उद्बोधक," मर्व म्हणाला, "पण तपासाशी याचा काडीचाही संबंध नाही."

ग्लेनिसने टाकीतल्या दगडांकडे पाहिलं. मग दारापाशी अवघडून उभ्या असलेल्या आरामखुर्चीकडे पाहिलं. ती काही बोलणार होती, पण मर्व आधीच जमिनीवर पालथा पडला होता.

"भूकंप," तो जमिनीला कान लावून म्हणाला. "समुद्र जवळ. घर हळूहळू कलतंय आणि सामान घसरतंय. लिंबू आणा."

क्लॅरीने लिंबू आणलं. मर्वने ते जमिनीवर ठेवलं. लिंबू ठेवलं तिथेच राहिलं.

"घर तात्पुरतं सरळ झालंय," मर्व म्हणाला. "दुसरी शक्यता. तुम्ही स्वतः झोपेत चालता."

"मी हे सगळं झालं तेव्हा क्लबात होतो."

"क्लबात झोपता का?"

"अधूनमधून."

मर्वने यावर बराच वेळ विचार केला आणि क्लबापासून घरापर्यंत झोपेत येऊन, टीव्ही हलवून, परत क्लबात जाऊन झोपणं या वयात अवघड आहे, असा निर्णय मोठ्या मनाने दिला. मग तो आरामखुर्चीपाशी गेला. तिच्या पाठीवर नाक टेकवलं. आणि एकदम ताठ उभा राहिला.

"पीठ!"

खुर्चीच्या पाठीवर खरंच पांढऱ्या बोटांचे ठसे होते. टीव्हीच्या कडेलाही होते. चहाच्या मगाच्या कानालाही होते.

"पीठ कोणाच्या हाताला असतं?" मर्वचा आवाज चढला. "आचाऱ्याच्या! डोलत्या बोटीवर स्वयंपाक करणारा माणूस! ज्याला सामान सरकत असतानाही कांदा चिरायची सवय आहे! तो आपल्या येण्याआधीच घरात शिरून कब्जा करतोय, क्लॅरी, इंचाइंचाने! आज खुर्ची, उद्या घर! गुन्हेगाराचं नाव आहे इवो!"

अहो-जाहो विसरलं होतं, यावरून तो किती रंगात आला होता ते कळत होतं. क्लॅरीचा चेहरा तर उजळूनच निघाला.

"मला वाटलंच होतं!" तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता फोन करतो. निघाला असशील तर तसाच माघारी फिर म्हणावं." आणि त्याने फोन उचलला. तोही जागा बदललेला होता, म्हणून आधी थोडा शोधावा लागला.

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं तिने या भावाला सांभाळून घेतलं होतं, पण आज त्याच्या मूर्खपणापायी दुसऱ्याचा संसार उधळत होता.

"रेलीन!" तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "हे सामान कोणी हलवलं गं?"

"मी," आतून आवाज आला.



"तिच्याकडून कोणीतरी धाक दाखवून वदवून घेतंय," मर्व कुजबुजला.

रेलीन पिठाने माखलेले हात घेऊनच बाहेर आली. "मीच हलवलं. रोज थोडं थोडं. एकटीने टीव्ही हलवताना कंबर मोडली माझी. तुम्ही मला विचारलंत का कोणी?"

"पण का?" क्लॅरीच्या हातात फोन तसाच होता.

"इवो येतोय म्हणून."

"त्याच्या येण्याचा माझ्या खुर्चीशी काय संबंध?"

रेलीनने टाकीकडे बोट दाखवलं. "या दोन पिवळ्यांसाठी सकाळी तू बाह्या वर करून दगड हलवत बसला होतास, बाबा. नेव्हिलसाठी, ट्रेव्हरसाठी कधी एक उशी तरी हलवलीस? दर महिन्याला मंडळात उभा राहून तू हेच शिकवतोस. मी लहानपणापासून ऐकतेय. म्हटलं, यंदा घरात करून बघू."

क्लॅरीने टाकीकडे पाहिलं. महापौर एका अनोळखी दगडाभोवती घिरट्या घालत होता.

"म्हणजे मी महापौर?" त्याने हळूच विचारलं.

"महापौर थोडा बरा," ग्लेनिस म्हणाली. "तो लचका तोडतो आणि विसरतो. तुम्ही समोर उभे राहता."

म्हातारा ओशाळला. त्याने फोन जागेवर ठेवला, म्हणजे जिथे होता असं त्याला वाटलं तिथे. "इतकी वर्षं दगड हलवतोय मी," तो म्हणाला, "पण महापौराला कसं वाटत असेल ते कधी मनात आलं नाही. फार वाईट वाटतं गं. सकाळी चहाचा मग सापडेना तर मी तसाच चहा न पिता बाहेर पडलो."

रेलीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने आतून गरम पॅस्टी आणून बापाच्या हातात ठेवली. "आधी तू खाऊन घे. जुन्याला आधी पोटभर द्यायचं, हेही तूच शिकवलंस."

"ती पॅस्टी पुरावा आहे," मर्व म्हणाला. "पिठाचा छडा पहिल्यांदा मी लावला, हे विसरू नका. घरातल्याच कोणाचं तरी काम आहे, हे मला लिंबू ठेवलं तेव्हाच कळलं होतं."

आणि त्याने स्वतःच एक पॅस्टी उचलली.

क्लॅरीने हात पुसले, पिशवीची गाठ सोडली आणि दोन्ही पिवळे मासे पाण्यात सोडले. महापौर लगबगीने पुढे आला, त्याने त्यांच्याकडे बघितलं, आजूबाजूच्या दगडांकडे बघितलं आणि काय करावं ते न सुचून तसाच मागे फिरला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

इवो दारात उभा राहिला तेव्हा दार भरून गेलं. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात बर्फात गुंडाळलेला ट्यूना, आणि एवढ्या थोरल्या देहाला न शोभणारी भीती तोंडावर. नेव्हिल-ट्रेव्हरची कहाणी त्याच्या कानावर गेली होती, हे उघड होतं. पायपुसण्यावर त्याने बूट पुन्हा पुन्हा घासले. आत आला. दारापाशी आरामखुर्ची दिसताच तिला वळसा घालून भिंतीला चिकटला. रेलीन जागच्या जागी थिजली होती आणि ग्लेनिसने मर्वला पाठीमागून घट्ट धरून ठेवलं होतं.

खोलीच्या मधोमध क्लॅरी उभा होता, अर्धी पॅस्टी हातात घेऊन.

"काका," इवोने घसा खाकरला, "मी कुठे बसू? तुमच्या घरात कोणती जागा कोणाची, मला काही माहीत नाही."

क्लॅरीने खिडकीकडे पाहिलं, दारापाशी पाहिलं, टीव्ही शोधला.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "मीही आजच आलोय."