लिंबाजीचा संपर्क क्रमांक

मोटार बंद करून लिंबाजी बांधावर टेकतो न टेकतो, तोच विहिरीवरून पुन्हा घरघर सुरू झाली. हरभऱ्यात आधीच घोट्याएवढं पाणी. मिस कॉल दिला की मोटार चालू, पुन्हा दिला की बंद, असं नवं यंत्र त्यानं बसवलं होतं. म्हणे पाणी वाचवतं! आज तेच बघायला परभणीहून साहेब येणार होते. पसंत पडलं तर तालुक्यात अशी यंत्रं बसवायचं केंद्र त्याला मिळणार, आणि त्याच्या पोराचं, बालाजीचं कामासाठी पुण्याला जाणं टळणार. पोराची बॅग मात्र भरून दारात ठेवलेली.

"कुणीतरी करणी केली रे," तो बालाजीला म्हणाला.

"करणी कशाची आबा? ताडकळसच्या स्टँडवर यंत्राचा बोर्ड लावला न्हवं, माहितीसाठी संपर्क म्हणून? नंबर कोणता सांगितला?"

"माझा की." लिंबाजीनं तो धडाधडा म्हणून दाखवला.

"ह्यो तर मोटारीचा हाय. लोक माहिती इचारायला फोन करायलेत अन् मोटार चालू व्हायलीय."

आता यात लिंबाजीचं तरी काय चुकलं? मोटारीला तो रोज फोन लावायचा, तो नंबर तोंडपाठ. स्वतःला फोन लावतं कोण?

बोर्ड पुसायला पळावं, तर साहेबांची जीप रानात हजर. लिंबाजीनं घाईघाईनं मोटार बंद केली. साहेबांचा बूट पहिल्याच पावलाला रुतला.

"हे पाणी वाचवणं का? आणि बोर्डावरच्या नंबरला येताना फोन केला, तर कोणी उचलत नाही. अशा माणसाला केंद्र कसं द्यायचं?" साहेबांनी तिथंच पुन्हा नंबर लावला.

"नका लावू साहेब," लिंबाजी म्हणेस्तोवर विहीर घरघरली.

खालच्या रानातली कडूबाई बांधावर येऊन उभी होती. "उचलला बघा," ती म्हणाली.

लिंबाजीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. पोराची बॅगसुद्धा सांगितली. साहेबांना हसू आवरेना.

"म्हणजे ताडकळसात उभं राहून, कुणी न शिकवता, मी तुमची मोटार चालवली?"

"चालवलीत."

"मग यंत्राला काय धाड भरलीय? केंद्र घ्या तुम्ही. पण आधी तो बोर्ड काढा."

लिंबाजीच्या जिवात जीव आला. कडूबाईचा चेहरा मात्र उतरला. तिची विहीर केव्हाच आटली होती, आणि वरून वाहून येणाऱ्या पाण्यावर तिचा गहू हिरवागार झाला होता.

"काढा की बोर्ड, माझं काय न्हाई," असं म्हणत तिनं कनवटीचा फोन काढला. "तेवढा नंबर सांगून ठेवा मला."