कोचाची इस्त्री

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या नगरच्या कचेरीत कारकून पुष्कळ होते. पण घरी कोच असलेला कारकून एकच, आणि तो मी!

सत्तेचाळीस साल. कँपातले गोरे साहेब सामान आवरून निघाले होते आणि मागे राहिलेल्या चीजवस्तूंचे लिलाव चालले होते. लोकांनी कपबशा घेतल्या, कंदील घेतले, फार तर एखादी आरामखुर्ची. मी कोच घेतला! तांबड्या मखमलीचा, दोन गाद्यांचा, सिंहाच्या पंजासारखे पाय असलेला! कानिफनाथ गाडीवानाने तो भिंगारहून बैलगाडीत घालून आणला तेव्हा अख्खी आळी दारात आली. गाडीत कोच आणि कोचावर मी!

"ह्यो पलंग हाय का खुर्ची?" कानिफनाथने विचारलं.

"कोच आहे, कोच! यावर एकदा बसलेला माणूस उठत नाही!"

"मंग कामं कोन करनार वो?"

अडाण्याशी काय बोलायचं! पण आमच्या मंडळीही तसल्याच. सुनीती दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"हा ठेवणार कुठे?"

"पुढच्या खोलीत."

"आणि आपण कुठे राहायचं?"

तिला दूरदृष्टी नाही. कोच मी चैनीसाठी आणला नव्हता, धाकट्या बहिणीसाठी आणला होता. आमच्या विजयाला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडून एकच निरोप, 'मुलगी बरी आहे, घर अगदीच साधारण.' आता श्रीगोंद्याच्या दत्तोपंतांकडून विचारणा आली होती. मुलगा शरच्चंद्र, शाळेत मास्तर. त्याचा फोटो पाहून विजूने प्रथमच नाक मुरडलं नव्हतं. उलट फोटो दिवसभर सापडत नव्हता, यावरून काय ते समजा. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असा मी चंगच बांधला.

पण पाहुणे येईपर्यंत घरच्यांनी त्या कोचाचे जे हाल केले, ते बघून मूळच्या साहेबाने बोट वळवून परत आणली असती! पाठीवर ओले पंचे. हातांवर सांडग्यांची ताटं. खाली कांदे. सुनीती त्यावर पाटा सोडून सगळं ठेवायची. बसायची मात्र खाली, सतरंजीवर.

"अगं, बस की वर!"

"नको बाई, आत काहीतरी कुईंकुईं करतं. पाप लागायचं."

कोचाचा एक खरा उपयोग मात्र मी शोधून काढला. इस्त्री! दर रविवारी संध्याकाळी माझा कचेरीचा काळा कोट नीट घडी करून डाव्या गादीखाली ठेवायचा आणि वर निवांत पोथी वाचत बसायचं. सोमवारी सकाळी कोट असा कडक की, त्याच्या घडीने सुपारी कातरावी! परटाकडे जाणं मी बंद केलं. हा शोध मी कचेरीत सांगितला, आळीत सांगितला, भाजीवालीलाही सांगितला. कोचाची इस्त्री, कोचाची इस्त्री! माझं तोंड थांबेना.

आणि तो रविवार उजाडला. मी कोट चढवून दारात उभा. टांग्यातून दत्तोपंत उतरले. देह असा भरदार की, ते उतरल्यावर टांगा एक बोटभर वर आला. पाठोपाठ शरच्चंद्र. पोरगा फोटोपेक्षा बरा!

"या, या! पाय धुवायला पाणी काढलंय."

"स्टेशनवरच धुतले," दत्तोपंत म्हणाले आणि थेट कोचाकडे गेले. डाव्या गादीवर बसले. कोच एकदा कण्हला. दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर दिवाळीच्या अभ्यंगानंतरचं तेज आलं. "वा! वा, नृसिंहराव! काय बैठक आहे!"

"यावर एकदा बसलेला माणूस उठत नाही," मी ठसक्यात म्हणालो.

शरच्चंद्राला म्हटलं, तुम्हीही बसा. तो म्हणाला, "नानांच्या बरोबरीने कसा बसू?" आणि सतरंजीवर बसला. केवढे संस्कार! मी खूश होऊन स्वयंपाकघरात गेलो. तिथे सुनीतीचा चेहरा पांढराफटक.

"अहो, विजूचा शालू!"

"काय झालं त्याला?"

"गादीखाली आहे!"

"कोणत्या गादीखाली?"

"त्यांच्या! सकाळी इस्त्रीला ठेवला. म्हटलं, पाहुणे पाय धुवायला मोरीवर गेले की काढू. त्यांनी धुतले कुठे, तर स्टेशनवर!"

"पण गादीखाली ठेवायचं सुचलं कसं तुला?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, मी प्रश्न परत घेतला.

शालू सुनीतीच्या लग्नातला, आणि घरात तेवढं एकच रेशमी वस्त्र. कापडावर सरकारी कंट्रोल, नवं मिळणार कुठून! विजूच्या अंगावर घरातलं पातळ, खांद्यावर बशीएवढं ठिगळ. शेजारच्या काकूंचं मागून आणावं, तर त्या ट्रंकेसकट अकोल्याला लग्नाला गेलेल्या. घर साधारण म्हणून दोन स्थळं गेलेली, आता ठिगळ दाखवून तिसरं घालवायचं?

"जा ना, जरा उठा म्हणावं त्यांना," सुनीती म्हणाली.

"मुलाच्या बापाला बसल्या जागेवरून उठवू? ते उठतील आणि थेट श्रीगोंद्याला जाऊन बसतील!"

नाही, हे गोडीनेच करायला हवं होतं. मी बाहेर आलो. "दत्तोपंत, आमचं देवघर बघायचंय ना?" दत्तोपंतांनी बसल्या जागेवरून भिंतीकडे तोंड करून हात जोडले. "परसात पेरू फार छान धरलाय!" "इथेच आणा की!" पेरू आणले. मीठही आणलं. ते सावकाश खाऊन झाले. आता हात धुवायला तरी? सुनीती गडबडीत तांब्या-तस्त घेऊन बाहेर आली आणि हात जागच्या जागी धुतले गेले! मी तिच्याकडे डोळे वटारले. ती म्हणाली, "सवय हो!"

शेवटी मी जिवावर उदार झालो. "दत्तोपंत, खरं सांगतो, या कोचात ढेकूण आहेत."

"आमच्याकडेही आहेत," दत्तोपंत प्रेमाने म्हणाले. मग त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि घोरू लागले.

परतीची गाडी पाचाची. घड्याळात चार. मुलगी न बघताच हे लोक जाणार, असा रंग दिसू लागला. माझा धीर सुटला. मी रांगत कोचामागे गेलो. पाठीच्या फटीतून शालूचा जरीकाठ दिसत होता! दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. दत्तोपंत थोडे डावीकडे कलले. पुन्हा ओढला. उजवीकडे कलले. शालू जागचा हलेना.

"काय करताय आपण?" शरच्चंद्राचा आवाज.

"ढेकूण," मी कोचामागून म्हणालो.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि विजू बाहेर आली. घरातलं पातळ, खांद्यावर ठिगळ, हातात पोह्यांची बशी! मी काठ आणखी घट्ट धरला.

"दादा, बाहेर ये तिथून," ती म्हणाली. मग बशी शरच्चंद्रापुढे ठेवली. "हे पोहे मीच केलेत. नेसायचा शालू तुमच्या वडिलांच्या खाली इस्त्रीला आहे. त्यांना उठवायचं दादाला धैर्य नाही, आणि पोहे गार झाले तर मला चालणार नाही."

शरच्चंद्राने एकदा ठिगळाकडे पाहिलं, एकदा काठ धरून बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि जो हसत सुटला! विजूही पदर तोंडाला लावून हसली. घोरणं थांबलं. दत्तोपंतांनी डोळे उघडले.

"हं, मुलगी कधी दाखवताय?"

"पाहिली, नाना."

"केव्हा?"

"आपण झोपला होतात तेव्हा."

"मग?"

शरच्चंद्राने मान खाली घातली. "पसंत आहे."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! मी कोचामागे होतो म्हणून कुणाला दिसलं नाही.

"आम्हाला देण्याघेण्याचं काही नको," दत्तोपंत म्हणाले. मग त्यांनी मखमलीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "फक्त हा एवढा..."

आणखी काय सांगू! बहिणीपुढे कोच काय मोठा? संध्याकाळी पाहुणे गेले आणि शालू एकदाचा सुटला. आनंदात साखर वाटली, कानिफनाथला गाडी सांगितली, कोट काढला, सवयीप्रमाणे नीट घडी करून ठेवला आणि कोचावर शेवटचं बसून घेतलं. सोमवारी उजाडताच बैलगाडी गेली. मी आंघोळ करून कचेरीला निघालो.

"अगं, माझा कोट?"

सुनीती खोलीत जिथे कोच होता, त्या मोकळ्या जागेकडे नुसती पाहत राहिली.

गुरुवारी कानिफनाथ परत आला. मी धावत बाहेर गेलो. "कानिफनाथ, गादीखाली माझा कोट होता!"

"म्या न्हाई बा बघितला. आन् बघायचा कसा? म्हातारं जे बसलंय, उठायचं नाव न्हाई! लई खूश हाय."

"मग मागून घ्या की," सुनीती म्हणाली. "कळवा, जरा उठा म्हणून."

मुलाच्या बापाला? लग्न तोंडावर असताना? लग्न मार्गशीर्षात आहे. तोवर मी कचेरीत उपरणं घेऊन जातो. पण मंडळी, लग्नाला या आणि माझ्या कोटाची इस्त्री बघून घ्या!